कप्प्यातले पुस्तक

नवी मोटार घरी येते तेव्हा तिच्याबरोबर पुष्कळ काही येते. हार येतो, नारळ येतो, पेढ्यांचा पुडा येतो, पुढे लिंबू-मिरच्या लोंबू लागतात. सांगलीत असाल तर गाडी आधी गणपतीला जाते आणि मग नातेवाइकांच्या मोबाईलवर. याच वेळी डॅशबोर्डच्या कप्प्यात आणखी एक वस्तू मुकाट्याने येऊन बसलेली असते. प्लॅस्टिकच्या पाकिटातले, तीन-चारशे पानांचे एक पुस्तक. दहा वर्षांनी गाडी विकली जाते तेव्हा ते त्याच पाकिटात, पानही न दुमडता, दुसऱ्या मालकाकडे जाते. विकणारा मोठ्या तोऱ्यात सांगतो, 'कागदपत्रे पूर्ण आहेत.'

मी आयुष्यभर बँकेत नोकरी केली. साताऱ्यात, कराडला आणि शेवटची बरीच वर्षे सांगलीत. वाहनकर्जांच्या टेबलावर बसून माझे असे मत झाले आहे की, आपल्याकडचा सुशिक्षित माणूस दोन बाडे ताब्यात घेतो आणि वाचत नाही. एक कर्जाचा करारनामा आणि दुसरे हे गाडीचे पुस्तक. करारनाम्याचे समजू शकते. तो कोणी वाचू नये अशाच बेताने लिहिलेला असतो. पण गाडीचे पुस्तक लिहिणाऱ्याने निदान चित्रे तरी काढलेली असतात!

'वाचून काय करू? मला काय गॅरेज टाकायचंय?' असे लोक विचारतात. गाडीचे पुस्तक म्हणजे स्वतः हात काळे करण्याचे पुस्तक, ही समजूतच त्याच्या आड येते. पुस्तक वाचून कोणी मिस्त्री होत नाही. पण मिस्त्रीला चार प्रश्न नीट विचारता येण्याइतकी भाषा येते, किरकोळ कामे घरच्या घरी होतात, आणि कोणत्या कामाला आपण बोटही लावायचे नाही हे कळते. सामान्य मालकाला एवढे पुरते. किंबहुना तिसरी गोष्ट पहिल्या दोहोंपेक्षा महत्त्वाची आहे.

एके काळी ही जाण आपल्याकडे घरोघर होती. १९७५ साली पश्चिम महाराष्ट्र विकास महामंडळ आणि बजाज ऑटो यांच्या भागीदारीतून साताऱ्यात 'महाराष्ट्र स्कूटर्स' ही कंपनी निघाली आणि तिथे 'प्रिया' स्कूटर तयार होऊ लागली. नंबर लावून वर्षानुवर्षे वाट पाहायचे ते दिवस. इतक्या तपश्चर्येने मिळालेली वस्तू माणूस जपतो, आणि जपायची तर तिचे पोट कशाने दुखते हे माहीत करून घेतो. सकाळी स्कूटर एका अंगावर कलती करायची, मग किक मारायची. तरीही रुसली तर प्लग काढून पॉलिश पेपरने घासायचा, फुंकर मारून परत बसवायचा. शाळामास्तर काय, वकील काय, पोस्टातले कारकून काय, प्रत्येकाजवळ प्लगपाना आणि एक जादा प्लग असायचाच. पेट्रोलमध्ये ऑइल किती मिसळायचे हे घरातल्या शाळकरी पोरालाही ठाऊक असे.

शेतावर हेच काम ऑइल इंजिनाने केले. कृष्णाकाठच्या ज्या शेतकऱ्याने आयुष्यात इंजिनिअरिंग हा शब्द लिहिला नसेल तो डीकॉम्प्रेशनची कळ उचलून, हँडल फिरवून इंजिन चालू करायचा आणि धूर काळा की पांढरा यावरून आत काय झाले ते सांगायचा. ही हुशारी आकाशातून पडलेली नव्हती. ती कोणी तरी मुद्दाम शिकवली होती. मुंबईच्या व्ही.जे.टी.आय.मध्ये यांत्रिक रेखाटन शिकवणारे लक्ष्मणराव किर्लोस्कर बेळगावात सायकलींच्या दुकानापासून सुरुवात करून १९१० साली औंध संस्थानातल्या माळरानावर आले. तेच आजच्या सांगली जिल्ह्यातले किर्लोस्करवाडी. लोखंडी नांगराने जमीन विषारी होते अशी त्या काळच्या शेतकऱ्याची भीती होती, आणि पहिले नांगर खपायला कारखान्याला चांगलेच झगडावे लागले. पुढे १९२० साली शंकरराव किर्लोस्करांनी 'किर्लोस्कर खबर' सुरू केली. त्या मासिकाचे साहित्यिक वैभव आपण नेहमी आठवतो; पण त्याचा जन्म एका यंत्राच्या कारखान्यात, कारखान्याच्या मालाची माहिती देण्यासाठी झाला होता, हे विसरतो. यंत्र विकायचे तर वापरणाऱ्याशी त्याच्या भाषेत बोलावे लागते, हे त्या मंडळींना शंभर वर्षांपूर्वी उमगले होते.

मग हे सगळे गेले कुठे? माझ्या मते ते चांगल्या गाड्यांनी नेले. १९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० आली. त्याआधीच्या फियाट आणि अँबॅसडर या गाड्या मालकाला स्वस्थ बसू देत नसत. पॉइंट घासा, कार्बोरेटर साफ करा, टॅपेट लावून घ्या, असे काही ना काही चालूच. मारुती किल्ली फिरवली की निघायची आणि पोचायची. गाडी बिघडेनाशी झाली तसे बॉनेट उघडायचे कारणच उरले नाही. एका पिढीने बॉनेट उघडले नाही, आणि दुसऱ्या पिढीला ते उघडायची कळ कुठे असते हेही माहीत नाही. मारुती ८०० तीस वर्षांनी, २०१४ च्या जानेवारीत बंद झाली. तिने लावलेली सवय मात्र चालूच आहे.

माझी पहिली गाडी जुनी प्रीमियर पद्मिनी होती. वालचंद हिराचंदांच्या प्रीमियर कंपनीची. सांगलीचे अभियांत्रिकी महाविद्यालय ज्यांच्या नावाने ओळखले जाते तेच हे वालचंद. बँकेच्या प्रशिक्षणासाठी मुंबईला गेलो असता फाउंटनच्या फुटपाथवर मला फियाटचे एक तेलकट, पाठ निघालेले इंग्रजी दुरुस्तीपुस्तक मिळाले. कादंबऱ्यांचे वेड असलेल्या माणसाला सांगतो, त्या पुस्तकाइतके एकाग्रतेने मी फार थोड्या कादंबऱ्या वाचल्या. उन्हाळ्यात खंबाटकीच्या चढावर गाडी आचके देऊन बंद पडायची. लोक म्हणत, 'इंजिन गेलं.' पुस्तकात लिहिले होते की, उष्णतेने पेट्रोलची नळीतच वाफ होते आणि पंपाला ती ओढता येत नाही. पंपावर ओले फडके टाकून दहा मिनिटे थांबायचे. फडके टाकले, थर्मासमधला चहा प्यालो, गाडी चालू झाली. शेजारी बॉनेट वर करून उभा असलेला एक गृहस्थ तोवर ट्रकला दोर बांधत होता.

अशी पुस्तके मालकासाठी कशी लिहावीत याचा वस्तुपाठ इंग्लंडच्या जॉन हेन्स यांनी घालून दिला. हे गृहस्थ विमानदलाच्या नोकरीत एडनला होते. तिथे एका सहकाऱ्याची मोटार दुरुस्त करताना त्यांच्या लक्षात आले की, कंपनीचे अधिकृत पुस्तक साध्या मालकाच्या काहीही उपयोगाचे नाही. ते सगळी हत्यारे जवळ असलेल्या कारागिरासाठी लिहिलेले आहे. तेव्हा त्यांनी गाडी स्वतः खोलायची, प्रत्येक पायरीचा फोटो काढायचा आणि परत जोडायची, अशी पद्धत घातली. पहिले पुस्तक १९६६ साली निघाले. प्रत्येक कामापुढे एक ते पाच पान्यांची चित्रे असत. एक पाना म्हणजे नवशिक्यानेही करावे, पाच म्हणजे जाणत्यानेच हात घालावा. मला यातली ही पान्यांची खूण सगळ्यात मोलाची वाटते. हेन्स २०१९ मध्ये वारले आणि पुढच्याच वर्षी त्यांच्या कंपनीने गाड्यांची नवी पुस्तके छापणे थांबवायचे ठरवले. असो.

आता थोडे बँकेचे. बँकेच्या कर्जावर घेतलेली गाडी 'नजरगहाण' असते. किती नेमका शब्द आहे! गाडी त्याच्या दारात आणि नजर आमची. तपासणीला म्हणून मी खेड्यापाड्यांतून जाई. माल टेंपो, वडापच्या जीपगाड्या, ट्रॅक्टर पाहून शेरा लिही. हळूहळू अनुभवाने कळू लागले की, थकबाकीची सुरुवात पुष्कळदा कर्जदाराच्या दानतीपासून होत नाही. ती गॅरेजपासून होते. वडापची जीप आठ दिवस उभी राहिली की त्या महिन्याचा हप्ता गेला. पुढच्या महिन्यात दोन हप्ते आणि दुरुस्तीचे बिल. तिसऱ्या महिन्यात नोटीस. आणि जीप का उभी राहिली, तर रेडिएटरमधले पाणी आटले होते आणि काट्याकडे कोणाचे लक्ष नव्हते, म्हणून इंजिन तापून हेड गॅस्केट उडाले. बाटलीभर पाण्याचे काम पाच आकडी रकमेवर गेले.

उलट तासगावकडचा एक टेंपोवाला मला आठवतो. शाळेच्या वहीत तारीख, किलोमीटर आणि काय बदलले, अशा तीन रकान्यांत त्याने सगळी नोंद ठेवली होती. 'हे कुणी शिकवलं?' विचारले तर म्हणाला, 'गाडीच्या बुकात शेवटाला तक्ता हाय की साहेब. पोरीला वाचाय लावला.' इंग्रजी येत नसलेल्या बापाने सातवीतल्या मुलीकडून देखभालीचा तक्ता समजून घेतला होता! मी शेऱ्यात काय लिहिले आता आठवत नाही. पण कर्ज देताना आम्ही उत्पन्नाचा दाखला, जामीनदार, सात-बारा सगळे मागतो. ही वही कुठल्याच यादीत नव्हती.

यावर आजचा वाचक म्हणेल, अहो, ते दिवस गेले. आता गाडी म्हणजे कॉम्प्युटर. त्यात आपण काय पाहणार? मला हे अर्धेच पटते. कॉम्प्युटर आला, पण तो बोलतो. स्टिअरिंगखाली एक सोळा टोकांची खाच असते, तिथे लहानसे यंत्र लावले की मोबाईलवर बिघाडाचा आकडा येतो. उदाहरणार्थ पी ०३०१. याचा अर्थ, पहिल्या सिलिंडरमध्ये ठिणगी-इंधनाचे काही तरी चुकते आहे. इतकेच. प्लग खराब, कॉइल खराब की इंजेक्टर, हे आकडा सांगत नाही. ते दुरुस्तीपुस्तकातला तक्ता सांगतो: स्वस्त आणि सोपे आधी तपासा. एका सर्व्हिस सेंटरने मला या आकड्यावर चारही कॉइल बदलण्याचा अंदाजखर्च लिहून दिला होता. मी गाडी माझ्या नेहमीच्या मिस्त्रीकडे नेली. त्याने पहिली कॉइल दुसऱ्या सिलिंडरवर आणि दुसरी पहिल्यावर लावली. आकडा बदलून पी ०३०२ झाला. बिघाड कॉइलबरोबर सरकला, म्हणजे दोष तिचाच. एक कॉइल बदलली, काम झाले. पाच मिनिटांचा हा हिशेब बँकेतल्या ताळेबंदासारखा होता. फरक कुठे सरकतो ते पाहायचे.

पण त्या मिस्त्रीला हे पुस्तक मिळाले कसे, हा प्रश्न लहान नाही. गाडीच्या कप्प्यातले पुस्तक वेगळे आणि कारागिराचे दुरुस्तीपुस्तक वेगळे. हे दुसरे पुस्तक, तपासणीची यंत्रे आणि सुटे भाग कंपन्या आपल्या अधिकृत केंद्रांबाहेर सहजी जाऊ देत नसत. भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी याच मुद्द्यावर चौदा मोटार कंपन्यांना मिळून सुमारे अडीच हजार कोटी रुपयांचा दंड ठोठावला. स्वतंत्र गॅरेजांना सुटे भाग व तांत्रिक पुस्तके मिळाली पाहिजेत, आणि केवळ बाहेर काम करून घेतले म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करता येणार नाही, असे त्या निकालात म्हटले होते. प्रकरण पुढे अपिलांत गेले. २०२२ च्या डिसेंबरात केंद्र सरकारने 'दुरुस्तीचा हक्क' या नावाने एक पोर्टलही उघडले. त्यात मोटारी आहेत, मोबाईल आहेत, शेतीची अवजारेही आहेत. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या मतदारांनी २०१२ सालीच मोटारींपुरता हा हक्क मतदानाने मिळवला. आपल्याकडे निकाल लागला हे किती मोटारमालकांना ठाऊक आहे? जिथे फुकट मिळालेले पुस्तक पाकिटातून बाहेर निघत नाही, तिथे न मिळालेल्या पुस्तकासाठी कोण भांडणार?

हा प्रश्न केवळ पैशांचा नाही हे सांगलीकरांना २०१९ च्या ऑगस्टमध्ये कळले. आयर्विन पुलापाशी कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट. त्या वर्षी पाणी ५७ फुटांच्या वर गेले. २००५ चा पूर पाहिलेल्यांनीही 'इतकं येणार नाही' म्हणून गाड्या खाली पार्किंगमध्ये ठेवल्या होत्या. ज्यांनी वेळीच विश्रामबागेच्या बाजूला नेल्या त्यांच्या वाचल्या. बाकीच्या बुडाल्या. पण मला सांगायचे आहे ते पाणी ओसरल्यावरचे. चिखल काढला, आसने उन्हात टाकली, आणि घरोघर एकच गोष्ट झाली. कोणी तरी म्हणाले, 'बघू तरी, चालू होतीय का.' आणि किल्ली फिरवली.

तिथेच इंजिन मेले. हवा दाबली जाते, पाणी दाबले जात नाही. सिलिंडरमध्ये पाणी असताना पिस्टन वर येऊ लागला की कुठे तरी काही तरी वाकायलाच हवे. वाकतो तो कनेक्टिंग रॉड. वरून विमा कंपनी सांगते, पुराने झालेले नुकसान देऊ. पण पाणी शिरलेले इंजिन चालू करायला गेल्यामुळे झालेले नुकसान पॉलिसीत बसत नाही, त्यासाठी वेगळे संरक्षण घ्यायला हवे होते. बुडालेल्या गाडीत करायचे ते इतके साधे आहे. किल्लीला हात लावायचा नाही. बॅटरीची ऋण बाजूची वायर आधी सोडवायची. डिपस्टिक ओढून पाहायची. ऑइल दुधाच्या चहासारखे दिसले किंवा पातळी वर चढलेली दिसली तर आत पाणी आहे. मग गाडी ओढून नाही, उचलून गॅरेजला न्यायची. पुढची कामे मिस्त्रीची. काठावरच्या प्रत्येक घराने ही चार वाक्ये पावसाळ्याआधी भिंतीवर लावावीत. २०२१ मध्ये पाणी पुन्हा आलेच होते.

'आपले काम नाही' म्हणून सोडून द्यायच्या गोष्टीही पुस्तकातच असतात, आणि त्या पाळायच्या असतात. गरम रेडिएटरचे झाकण उघडू नये. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली शिरू नये. जॅक चाक बदलण्यासाठी असतो, आपला जीव पेलण्यासाठी नाही. एअरबॅग, स्टिअरिंग, ब्रेक यांना हौशी हात लागू नयेत. विजेवरच्या गाडीत केशरी रंगाची जाड वायर दिसली की तिथून मागे फिरावे. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषते, म्हणून ठरावीक काळाने बदलून घ्यावे लागते. हे वाचलेला माणूस पाचगणीहून पसरणी घाट उतरताना दुसऱ्या गिअरमध्ये असतो. न वाचलेला ब्रेकवर पाय ठेवून खाली येतो आणि वाईत पोचल्यावर कसला वास येतोय म्हणून विचारतो.

माझी सून नोकरीनिमित्त सांगली ते कराड एकटी गाडी चालवत जाई. वर्षानुवर्षे खड्ड्यांसाठी नाव कमावलेल्या पेठच्या रस्त्याने. एकदा पेठ नाक्याच्या अलीकडे टायर फुटला. तिने फोन केला तो मदतीसाठी नव्हे, उशीर होईल हे सांगायला. चाक जमिनीवर असतानाच नट ढिले करायचे, मग जॅक लावायचा आणि बसवताना समोरासमोरचे नट आळीपाळीने आवळायचे, हे तिने पुस्तकाच्या चित्रावरून रविवारी अंगणात करून पाहिले होते. 'बाबा, पाना तेवढा आखूड देतात हो,' ही तिची एकच तक्रार होती. रास्त आहे.

राहता राहिली भाषा. कंपन्यांच्या जाहिराती मराठीत असतात, कर्जाची माहितीपत्रके मराठीत असतात, शोरूममधली मुले तर अस्सल साताऱ्याच्या मराठीत बोलतात. पुस्तक मात्र बहुधा इंग्रजीत, आणि आता कित्येकदा तेही मोबाईलवर शोधून घ्यायचे. सातारा आणि सांगलीच्या आय.टी.आय.मधून दर वर्षी मुले मोटार मेकॅनिक होऊन बाहेर पडतात. त्यांना मराठीत दुरुस्तीपुस्तक मिळाले तर उपयोग किती होईल याचा हिशेब करायला बँकेतला माणूस लागत नाही. 'मराठीत तांत्रिक शब्द नाहीत' हे मी ऐकून घेत नाही. स्टेपनी, पाना, पकड, कमानपाटा, आटे, चुना धरलेली बॅटरी, घसरलेला पट्टा, हे शब्द विद्यापीठाने दिलेले नाहीत. गॅरेजांनी दिले आहेत.

ज्याने कॉइलची अदलाबदल केली त्या माझ्या मिस्त्रीच्या गॅरेजात, देवाच्या तसबिरीखाली, तेलाचे डाग पडलेली काही पाने चिकटवलेली आहेत. कुठल्या तरी इंग्रजी दुरुस्तीपुस्तकातल्या पानांची ती छायाप्रत. प्रत्येक ओळीशेजारी बॉलपेनने मराठी लिहिले आहे. अक्षर त्याच्या दहावीतल्या मुलाचे. नट किती जोराने आवळायचा त्याच्या आकड्यापुढे लिहिले आहे, 'अंदाजाने नाही.' एका शब्दापुढे मात्र अजून प्रश्नचिन्ह आहे. मी गेलो की तो मला विचारतो, 'साहेब, हे काय आहे बघा की जरा.' मागच्या वेळी माझ्याजवळ चष्मा नव्हता. येत्या शनिवारी जायचे आहे.